पुसटाला नाव मिळालं तेव्हा

फोटोत मागचं सगळं विरघळून जातं आणि दिव्यांच्या जागी मऊ, गोल ठिपके तरंगू लागतात, त्या पुसटपणाला आता जगभरचे छायाचित्रकार ‘बोके’ म्हणतात. शब्द जपानी. ‘बोकेरु’ म्हणजे अंधुक होणं. म्हातारपणी स्मरण विरत जातं, त्यालाही तिथे हेच क्रियापद. ‘नेबोके’ म्हणजे झोपेतून उठल्यावरची गुंगी, ‘जिसाबोके’ म्हणजे लांबच्या विमानप्रवासाने दिवसरात्रीचा मेळ चुकल्यावर येणारी. डोळ्यांवरची झापड आणि भिंगातली धूसरता एकाच घरच्या, हे मला फार आवडतं.

इंग्रजीत तो रुजला ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी नियतकालिकामुळे. मार्च-एप्रिल १९९७च्या अंकात त्यावर लेख आले. रोमन लिपीतला शब्द वाचक ‘बोक’ असा तोडतील म्हणून संपादक माइक जॉन्स्टन यांनी शेवटी ‘एच’ जोडला. तो पाहून आपल्याकडे काही जण ‘बोकेह’ म्हणतात. देवनागरीला त्या ‘एच’ची गरजच नाही.

तोवर इंग्रजीत रुळलेला शब्द होता ‘डेप्थ ऑफ फील्ड’. किती अंतरापासून किती अंतरापर्यंतचं स्पष्ट दिसेल, याचं ते माप. उरलेलं पुसट कसं दिसतं, खरबरीत की लोण्यासारखं, हे विचारायला जपानी शब्द यावा लागला.

पुसटाचा लळा मात्र जुना आहे. कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८व्या वर्षी लेकी-जावयाने कॅमेरा भेट दिला. फोकस जुळवताना डोळ्यांना सुंदर दिसलं की त्या तिथेच थांबत, आणखी नेमकं करत बसत नसत. त्या काळच्या जाणकारांनी याला हात न बसल्याची खूण मानलं. मला कॅमेरॉन यांच्या फोटोंतले चेहरे आजही श्वास घेताना दिसतात. उलट बाजूला १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात अँसेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि इतर छायाचित्रकारांनी आपल्या गटाचं नावच ठेवलं ‘एफ/६४’. मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं हे अगदी बारीक छिद्र. त्यातून जवळच्या गवतापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळं रेखीव उमटतं.

२०१६मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला आणि पुसट गणिताने तयार होऊ लागलं. दोन कॅमेऱ्यांतून अंतराचा अंदाज घ्यायचा आणि मागचं धूसर करायचं. कानामागच्या सुट्या केसांशी ते गणित अनेकदा अडखळतं. भिंगाला केस ओळखावा लागत नाही. त्याच्यापुढे फक्त अंतर असतं.

म्हणून एकदा तरी भिंगाचा बोके स्वतः घडवून पाहावा. ५० मिलिमीटरचं एफ/१.८ भिंग असेल तर काळ्या जाड कागदाची चकती कापा, तिच्या मध्यभागी साधारण दीड सेंटिमीटरचा बदाम कोरा आणि ती भिंगापुढे चिकटवा. भिंगाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा. तुळशीचं पान हातभर अंतरावर घेऊन त्यावर फोकस करा. मागे, जमेल तितक्या लांब, दिवाळीची दिव्यांची माळ. फोकसबाहेरचा प्रत्येक प्रकाशबिंदू भिंगाच्या उघड्या जागेचाच आकार घेतो. माळेतले सगळे दिवे बदाम होतात.