समरकंदच्या वाटेवरील हमाल



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'समरकंद आणि बुखारा' असे सांगितले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आपण जाऊन आलात काय?" मी म्हणालो, "गेलो नाही. परंतु तिकडून आलेले पुष्कळ काही आपल्याच जिल्ह्यात पाहून आलो आहे." तेवढ्या अधिकारावर मी आज आपल्यापुढे उभा आहे. माझी शाळा सातवीत सुटली. त्यापुढची पंधरा वर्षे मोंढ्यात पोती उचलण्यात गेली आणि त्यानंतरची पंचवीस पोती उचलणाऱ्यांची संघटना बांधण्यात. इतिहास मी वाचला तो सार्वजनिक वाचनालयात, दिवा मालवीपर्यंत. पंडितांना त्यात उणिवा दिसतील. त्या त्यांनी दाखवाव्यात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कचेरीत कोणीतरी एका प्रवासी कंपनीचे पत्रक आणले. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खीवा. आठ दिवस, वाटाड्यासकट. एका हमालाच्या मुलाने ते मोठ्याने वाचले. शेवटी किंमत आली तेव्हा सारे हसले. ताश्कंद हे नाव जुन्या लोकांना ठाऊक होते, कारण १९६६ साली लालबहादूर शास्त्री तेथे वारले. समरकंद मात्र ऐकीव. पत्रकात लिहिले होते की, या नगरांतून रेशीम, कागद, घोडे आणि रत्ने यांचा व्यापार चाले. कोपऱ्यात बसलेले आमचे एक वृद्ध सभासद म्हणाले, "म्हंजी तिथं बी मोंढाच आसंल की. एवढा माल यायचा-जायचा, तर उचलीत कोण व्हतं?"

मी घरी आलो तरी तो प्रश्न माझ्याबरोबर आला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे, माझ्याच्याने देववले तेवढे, उत्तर आहे.

प्रथम त्या वाटेविषयी. 'रेशीम मार्ग' हे नाव रिश्टहोफेन नावाच्या जर्मन भूगोलवेत्त्याने १८७७ साली रूढ केले. त्या वाटेने चालणाऱ्यांनी ते कधी ऐकले नव्हते. शिवाय तो एक मार्ग नव्हता. वाटांचे जाळे होते. चीनमधून निघालेला माणूस सहसा रोमपर्यंत जात नसे. माल एका टप्प्यावर उतरे, हात बदली, दुसऱ्या जनावरावर चढे आणि पुढे जाई. ओझे जेथे खाली ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे, तेथे पाणी लागते, धान्य लागते, निजायला जागा लागते, तराजू लागतो. अशा जागी नगर वसते. जरफशान नदीच्या काठी समरकंद वसले ते असे, आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला बुखारा वसले तेही असेच. राजवाडे आणि घुमट मागाहून आले. समरकंदच्या रेगिस्तान चौकातले तीन मदरसे आज जगभरचे लोक पाहतात; त्यांतला पहिला उलुगबेगाने १४१७ ते १४२० मध्ये बांधला आणि उरलेले दोन सतराव्या शतकातले. त्याच्या कितीतरी शतके आधी तेथे बाजार होता.

आता आपल्या फुलंब्रीकडे या. आपल्या दारावरून जो रस्ता जातो, तो सिल्लोडवरून अजिंठ्याला पोचतो. प्रवाशांच्या मोटारी आपल्याकडे न पाहता निघून जातात. त्या मोटारींतले लोक ज्या चित्रांसाठी एवढ्या दूरवर येतात, त्यांतला गडद निळा रंग लाजवर्द नावाच्या दगडाचा आहे आणि तो दगड निघे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरात. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तो निळा दगड खाणीतून काढला, कोणीतरी तो खिंडीतून उतरवला आणि शेवटी कोणीतरी तो वाघूर नदीच्या घळीपर्यंत आणून टाकला. ज्या राजाच्या काळात लेणी झाली त्याचे नाव आपणांस पाठ आहे. हा दगड वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

समरकंदला जाणे परवडत नाही, तर समरकंद जेथे आले आहे तेथे जावे, असे आम्ही ठरविले. चाळीस माणसे, बायकापोरांसह, एस. टी. ने निघालो. वाटाड्या मीच.

पहिला मुक्काम संभाजीनगरची, म्हणजे त्या काळच्या औरंगाबादची, पाणचक्की. लोक तेथे जातात, पाण्याचा पडदा पाहतात आणि परततात. ती ज्यांच्या तकियात उभी आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडील गिजदुवानचे. मध्य आशियातून निघून, डोंगर ओलांडून हा फकीर औरंगजेबाच्या काळात दख्खनेत आला आणि १७१४ च्या सुमारास येथेच वारला. नावातच 'मुसाफिर'! 'मल्फूझात-इ-नक्शबंदिया' या फार्सी ग्रंथात त्यांच्या तकियाची हकीकत आहे. तिच्यात तुराणातून, म्हणजे मध्य आशियातून, आलेले शिपाई आणि भटके वारंवार येतात. सुप्रसिद्ध संशोधक सायमन डिग्बी यांनी २००१ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. बुखाऱ्याचा माणूस औरंगाबादेत उतरला की त्याला आपली भाषा बोलणारे आणि चार घास देणारे घर मिळे, ते हे. त्यांच्यासाठी आणि यात्रेकरूंसाठी दळण व्हावे म्हणून डोंगरातले पाणी खापरी नळांतून आणून ते जाते फिरविले.

येथे आणखी एक आठवण ठेवावी. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ज्या निजामाच्या अंमलाखाली आपले वडील-आजोबा राहिले, त्या घराण्याचा मूळ पुरुष ख्वाजा आबिद समरकंदच्या परिसरातून हिंदुस्थानात आला आणि १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात पडला. एकाच वाटेने फकीरही आला आणि राज्य करणाराही आला. वाट कोणाला अडवीत नाही.

तेथून दौलताबादला गेलो. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ मध्ये बुखारा आणि समरकंद पाहून, हिंदुकुश ओलांडून सिंधूकाठी उतरला आणि पुढे काही वर्षांनी दौलताबादेस आला. चंगीझखानाने १२२० मध्ये उद्ध्वस्त केलेले बुखारा त्याने शंभर वर्षांनंतरही ढासळलेलेच पाहिले होते. दौलताबादेस त्याला द्राक्षे, डाळिंबे आणि जडजवाहिराचे श्रीमंत व्यापारी दिसले. परंतु ही भरभराट कशी आली? १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे येथे हलविली. सारी दिल्ली हलली नव्हती, असे आजचे इतिहासकार मानतात. तरीही सरदार निघाला म्हणजे त्याचे चाकर, भोई आणि कारागीर निघालेच. त्यांना कोणी विचारले नसेल.

याच्या उलट चित्र समरकंदला आहे. १३९८ साली तैमूरने दिल्ली लुटली, तेव्हा त्याने सोन्याबरोबर माणसेही नेली. हिंदुस्थानचे पाथरवट त्याने समरकंदच्या आपल्या मोठ्या मशिदीसाठी राखून ठेवले. १४०४ मध्ये क्लाविहो नावाचा स्पॅनिश वकील समरकंदला गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, जिंकलेल्या प्रत्येक मुलखातले उत्तम कारागीर तैमूरने येथे आणून वसविले आहेत. आज प्रवासी त्या निळ्या घुमटांखाली उभे राहतात तेव्हा वाटाड्या तैमूरचे नाव सांगतो. त्या दगडावर दिल्लीच्या पाथरवटाची छिन्नी चालली, हे कितीजण सांगत असतील? आपण ज्याला व्यापारी मार्ग म्हणतो त्याच्यावरून माल गेला हे खरे. परंतु माणूसही पुष्कळदा मालासारखाच गेला. औरंगाबादचे मूळ गाव खडकी १६१० मध्ये वसविणारा मलिक अंबर हा स्वतः हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला होता.

शेवटचा मुक्काम कागजीपुरा. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेवरच हे गाव लागते. कागद चीनचा. ७५१ साली तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला कागद शिकविला, अशी प्रसिद्ध कथा आहे. कागद तेथे त्याआधीच पोचला होता, असे आजचे अभ्यासक म्हणतात. ते काही असो, समरकंदचा कागद पुढे शतकानुशतके नावाजला गेला, आणि कागद करण्याची ही विद्या मध्य आशियातून हिंदुस्थानात उतरली. तुघलकाबरोबर जे कागदी आले ते येथे वसले, असे कागजीपुऱ्याची परंपरा सांगते. चिंध्या आणि ताग कुटायचा, पाण्यात त्याचा रांधा करायचा, गवती काड्यांच्या जाळीवर तो अलगद उचलायचा, दाबायचा, भिंतीवर वाळवायचा आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. समरकंदजवळच्या कोनिगिल गावी हे काम अलीकडे पुन्हा सुरू झाले आहे. तेथे पाण्याच्या चाकावर तुतीची साल कुटतात. म्हणजे एकाच विद्येची दोन घरे आजही जगतात, एक जरफशानच्या कालव्यावर आणि एक आपल्या डोंगराच्या पायथ्याशी.

कागजीपुऱ्यात एक ताव हातात घेतला आणि मला माझे वडील आठवले. तीस वर्षे त्यांनी एकाच आडतीवर पाठ वाकविली. ते गेल्यावर काही कामासाठी, ते तेथे राबत होते याचा पुरावा मला हवा होता. मी त्या आडतीवर गेलो. शेठजींनी जुन्या वह्या काढून दिल्या. माणूस वाईट नव्हता. मी दिवसभर पाने उलटली. किती पोती आली, कोणाची आली, काय भावाने गेली, सारे होते. प्रत्येक पानाच्या तळाशी 'हमाली' असा एक खर्च होता. वडिलांचे नाव एकाही पानावर नव्हते. तीस वर्षांचा माणूस त्या कागदावर खर्चाच्या एका ओळीत मावला होता. संध्याकाळी मी वह्या बांधून परत केल्या. आमच्या संघटनेचे पहिले रजिस्टर मी त्यानंतर महिनाभराने उघडले. आणि १९६९ च्या माथाडी कायद्याचे मोठेपण, मजुरीपेक्षाही, त्यात हमालाचे नाव नोंदले जाते यात आहे, हे मला तेव्हा कळले.

मग कष्टकऱ्यांचे नाव इतिहासात नाहीच काय? आहे, आणि ते शोधताना मला नाशिकच्या लेण्यांत सर्वांत मोठा धडा मिळाला. तेथील दहाव्या लेण्यात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. लेख उषवदाताचा. हा क्षहरात राजा नहपान याचा जावई आणि कुळाने शक. शक म्हणजे मध्य आशियातून उतरलेले लोक. आपल्या पंचांगातला 'शके' हा शब्द त्यांचीच आठवण आहे. या उषवदाताने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण कायमचे ठेवायचे ठरविले. ते कोणाजवळ ठेवले? सावकाराजवळ नाही, सरदाराजवळ नाही. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींजवळ! २००० एका श्रेणीजवळ दरमहा दरशेकडा एक व्याजाने आणि १००० दुसरीजवळ पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी परत मागायचे नाही, फक्त व्याज घ्यायचे. मी हिशेब करून पाहिला. २००० चे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब चोख आहे. हा करार नगरसभेत ऐकविला, दप्तरी लावला आणि वर दगडावर कोरला.

श्रेणी म्हणजे आजची कामगार संघटना नव्हे, हे मला ठाऊक आहे. तीत मागवाले धनी असतील आणि त्यांच्या मागावर राबणारा गडी तीत नसेलही. तथापि, एवढे निश्चित की परक्या मुलखातून आलेल्या राजाच्या जावयाला, आपले राज्य जाईल पण ही कोष्ट्यांची संस्था टिकेल, असा भरवसा वाटला. राज्य खरोखरच गेले. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. एकेकट्या कोष्ट्याचे नाव त्या दगडावर नाही. परंतु एकत्र आलेल्या कोष्ट्यांचे आहे. आमच्या वृद्ध सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. ओझे उचलणारा एकटा असतो तोवर तो खर्चाची ओळ असतो. तो संघात आला म्हणजे राजालाही त्याचे नाव घ्यावे लागते.

परतीच्या गाडीत मी मंडळींना आणखी एक गोष्ट सांगितली, तीच सांगून आपली रजा घेतो. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीची एक यक्षमूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, पोट सुटलेला, दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र तोललेला आणि तोंडभर हसणारा. तिच्या हातावर एक ओळ कोरली आहे: ही कण्हदास सोनाराने केली.

गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "वझं डोक्यावर आन् हासतंय? मंग त्याची हमाली येळंवर मिळत आसंल."

समरकंदला कधी गेलात तर वाटाड्याला आमचा तेवढा एक प्रश्न विचारून या.