फार्महाऊसवर बार्बेक्यूचा ओटा बांधताय? शेगडी घेण्याआधी जागेचं हे गणित समजून घ्या

नोव्हेंबर उजाडला की रील्समध्ये एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसायला लागतं. हिरवळीवर दगडी ओटा, त्यात बसवलेली चकचकीत स्टीलची ग्रिल, वर लुकलुकणारे दिवे आणि बाजूला पनीर टिक्का नाहीतर सुरमई उलटवणारे हात. कर्जत, अलिबाग, मुळशी, पानशेत अशा भागात ज्यांचं सेकंड होम आहे किंवा गावाकडे अंगण असलेलं घर आहे, त्यांच्या मनात मग प्रश्न येतो, आपणही असं काही बांधावं का?

याला म्हणतात बार्बेक्यू आयलंड. म्हणजे घराला न चिकटवता, मोकळ्या जागेत उभा केलेला पक्का ओटा. त्यात ग्रिल बसवलेली असते, बाजूला कापाकापीला जागा असते, काही ठिकाणी सिंक आणि छोटा फ्रिजही असतो. कल्पना अमेरिकेतल्या बॅकयार्डमधून आलेली असली, तरी थंडीत उघड्यावर विस्तव पेटवून एकत्र जेवणं आपल्याला नवं नाही. रायगडातली पोपटी असो की शेतातली हुरड्याची आगटी, मजा तीच आहे.

फरक एवढाच की आगटी दरवर्षी नव्या जागी पेटवता येते. आयलंड एकदा बांधलं की हलत नाही. ग्रिल आवडली नाही तर बदलता येते, पण ओटा खचला, धूर घरात शिरला किंवा गॅस आत साठला तर दुरुस्तीचा अर्थ बहुतेक वेळा तोडून पुन्हा बांधणं हाच असतो. म्हणून आधी जागा, मग ओटा आणि सगळ्यात शेवटी सजावट. एकेक मुद्दा समजून घेऊया.

सगळ्यात आधी काय ठरवायचं?

इंधन. कोळसा, एलपीजी सिलिंडर की पाइपचा गॅस, यावर पुढचं जवळपास सगळं अवलंबून आहे. कोळशाला धूर जास्त, ठिणग्या जास्त आणि राख टाकायला जागा लागते. गॅसला धूर कमी, पण हवा खेळती राहील अशी रचना लागते.

इंधन ठरलं की ग्रिलचं मॉडेल निवडा आणि तिचं मॅन्युअल वाचा. ओट्यात किती मापाचा खळगा हवा, आजूबाजूला किती अंतर हवं, हवेसाठी किती मोठ्या खिडक्या हव्यात, हे सगळं त्यात दिलेलं असतं. ग्रिल विकत नंतर घेतली तरी चालेल, पण माप आधी हातात हवं. गवंड्याने अंदाजे ठेवलेल्या खळग्यात ग्रिल बसली नाही, तर ग्रॅनाइट पुन्हा कापावा लागतो.

आयात केलेली ग्रिल घेणार असाल तर ती भारतातल्या एलपीजीच्या दाबावर चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. पाइपच्या गॅसचा आणि एलपीजीचा जेट वेगळा असतो. एकासाठी बनवलेला बर्नर दुसऱ्यावर तसाच वापरायचा नसतो.

वारा कुठून येतो? उत्तर रात्री शोधा

जागा बघायला आपण बहुतेकदा रविवारी दुपारी जातो. बार्बेक्यू मात्र पेटतो संध्याकाळी सातनंतर. या दोन वेळांचा वारा सारखा नसतो.

किनाऱ्यालगत तर तो उलटाच होतो. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो. अलिबाग किंवा गुहागरला दुपारी पाहून धूर पूर्वेकडे जाईल असं ठरवलं, तर रात्री तोच धूर पश्चिमेकडच्या खोलीत शिरू शकतो.

उपाय सोपा आहे. ज्या महिन्यात वापर होणार त्या महिन्यात, दोन-तीन वेगवेगळ्या रात्री, ठरवलेल्या जागी उदबत्त्या लावा आणि धूर कुठे वळतो ते पाहा. घराच्या खिडक्या, एसीचं बाहेरचं युनिट आणि शेजाऱ्यांची बाल्कनी त्या वाटेत नको. ग्रिल करणाऱ्याच्या तोंडावर वारा येणार नाही अशी ओट्याची दिशा ठेवा.

घरापासून किती लांब?

न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन विभागाचा कोळशाच्या बार्बेक्यूसाठी नियम आहे की चारही बाजूंनी १० फूट मोकळी जागा हवी आणि पाण्याचा पाइप किंवा साधारण १५ लिटर पाणी हाताशी हवं. हा नियम आपल्याला लागू नाही, पण अंदाज म्हणून उपयोगी आहे.

आपल्याकडे धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. गवताने शाकारलेलं छप्पर, बांबूचा मांडव, हिरवी शेडनेट आणि वाळलेला पाचोळा. ठिणगीला यातलं काहीही पुरतं. वर छप्पर हवंच असेल तर लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचं आणि उंच ठेवा, बाजू मोकळ्या ठेवा. कोकणात आणखी एक गोष्ट पाहा. जागा नारळाच्या झाडाखाली नको. सावली छान वाटते, पण नारळ आणि झावळ्या सांगून पडत नाहीत.

पाऊस किंवा वारा अडवायला चारही बाजूंनी प्लास्टिकचे पडदे सोडून आत कोळसा पेटवणं तर कधीच नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस बेशुद्ध होतो. त्याच कारणाने रात्री उबेसाठी शेगडी तंबूत किंवा खोलीत न्यायची नसते.

पायाखाली कोणती माती आहे?

हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो.

आधी वजनाचं गणित करूया. ८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ३ फूट उंच ओटा घ्या. चार इंची विटांच्या भिंती आणि वर ग्रॅनाइट धरला तर वजन साधारण १२०० किलोच्या घरात जातं. एका छोट्या मोटारीइतकं वजन जेमतेम २० चौरस फुटांवर कायमचं उभं राहणार असतं.

ते काळ्या मातीवर उभं असेल तर अडचण येते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भातली काळी कापसाची माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. दर वर्षीच्या या हालचालीने वरचा ओटा तिरका होतो, सांधे उघडतात, ग्रॅनाइटला तडे जातात. कोकणातली जांभ्याची जमीन या बाबतीत बरीच स्थिर आहे, पण तिथे उतार आणि भराव तपासावा लागतो. नुकत्याच टाकलेल्या भरावावर बांधलेली गोष्ट भरावासोबत खाली बसते.

म्हणून आधी दोन-तीन फूट खोल खड्डा घेऊन पाहा. काळी माती कमी खोल असेल तर मुरूम लागेपर्यंत ती काढून टाका. खूप खोल असेल तर किती काढायची आणि पाया कसा घ्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. काढलेल्या जागी मुरूम थराथराने भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकायचा असतो. एकदम दोन फूट ओतून वरवर ठोकलं तर खालचा थर सैलच राहतो. त्यावर दगडाचं सोलिंग आणि मग सळ्यांची जाळी घातलेला साधारण ४ ते ६ इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब. हा स्लॅब ओट्यापेक्षा सगळीकडून अर्धा फूट मोठा ठेवा आणि घराच्या जोत्याला चिकटवू नका. दोन्हींचं बसणं वेगवेगळं असतं, म्हणून मध्ये सांधा सोडतात.

खणण्याआधी जमिनीत काय गाडलंय तेही शोधा. बोअरवेलची केबल, पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि सेप्टिक टँक यांच्यावर ओटा नको. टँक उपसायची वेळ येतेच, शिवाय त्यात पेट घेणारा वायू तयार होतो. तुमचं घर अमेरिकेत असेल तर खणण्याच्या काही दिवस आधी ८११ या नंबरवर फोन करायचा असतो. कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या लाइन्स खुणा करून देतात. तिथल्या थंड राज्यांत जमीन गोठून वर उचलली जाते, त्यामुळे पायाची खोलीही स्थानिक नियमाप्रमाणे ठरते.

पाणी कुठे जाणार?

एक पावसाळा नुसता पाहण्यात घालवला तर सगळ्यात चांगलं. अंगणात पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून वाहून जातं, हे जून ते सप्टेंबर स्वतःच दाखवून देतं. साचणाऱ्या जागी ओटा नको.

फरशीला दर मीटरला १ ते २ सेंमी ढाळ द्या आणि तो घरापासून दूर जाणारा ठेवा. ओट्याच्या आत शिरलेलं पाणी बाहेर यायला तळाशी वाट ठेवा. सिंक बसवणार असाल तर सांडपाण्याचा पाइप स्लॅब ओतण्याआधीच टाकावा लागतो. तेलकट पाणी थेट बागेत सोडू नका, मध्ये चेंबर ठेवा.

समुद्राजवळ खाऱ्या हवेने स्टीललाही गंज चढतो. तिथे ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील जास्त टिकतं. महाग असतं, पण दारं आणि बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलण्यापेक्षा परवडतं.

गॅस ओट्याच्या आत ठेवायचा का?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, खाली साचतो. चारही बाजूंनी बंद ओटा म्हणजे अशा वेळी वीट-सिमेंटची पेटीच होते. वर ग्रिल पेटवायला ठिणगी दिली की काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून एलपीजीसाठी ओट्याच्या खालच्या भागात, अगदी जमिनीलगत आणि समोरासमोरच्या बाजूंना जाळीच्या खिडक्या लागतात. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका. त्याच्यासाठी वरच्या बाजूला खिडक्या हव्यात. व्यवहारात दोन्हीकडे ठेवलेल्या बऱ्या. त्यांचं माप मॅन्युअलप्रमाणे घ्या आणि ‘दिसायला वाईट दिसतं’ म्हणून नंतर बुजवू नका.

सिलिंडर शक्यतो ओट्याच्या बाहेर, सावलीत, उभा आणि सपाट जागी ठेवा. खड्ड्यात किंवा तळघरात कधीच नको. आयएसआय मार्कची सुरक्षा होज वापरा आणि ती ५ वर्षांनी बदला. गळतीचा संशय आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, कोणतंही बटण दाबू नका आणि लांब जाऊन १९०६ या हेल्पलाइनवर फोन करा.

विजेचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या. वायर जमिनीखाली पाइपमधून, सॉकेट झाकणवालं आणि सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. ओल्या हातांनी वापर होणार, हे धरूनच काम करायचं.

गच्चीवर चालेल का?

वीट-काँक्रीटचा ओटा शक्यतो नाहीच. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या सपाट गच्चीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास वापराचा भार धरून डिझाइन करतात. आपल्या वरच्या ओट्याचा भार येतो ६५० किलोच्या आसपास, म्हणजे चौपटीहून जास्त. शिवाय त्याखालचं वॉटरप्रूफिंग नंतर दुरुस्त करता येत नाही. गच्चीवर हौस भागवायचीच असेल तर चाकांची ग्रिल आणि हलकं टेबल हा मार्ग आहे. त्यालाही सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

परवानगी लागते का?

पक्कं बांधकाम म्हटलं की ‘छोटंसं तर आहे’ हे कारण चालत नाही. प्लॉटच्या कडेची सामासिक अंतरं मोकळी ठेवावी लागतात. किनाऱ्याजवळ सीआरझेडचे नियम आहेत, माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी हे इको-सेन्सिटिव्ह झोन आहेत. ग्रामपंचायत किंवा नियोजन प्राधिकरणाकडे आधी विचारणं स्वस्त पडतं.

कामाचा क्रम कसा ठेवायचा?

१. इंधन आणि ग्रिलचं मॉडेल ठरवा, मापं लिहून घ्या.

२. पावसाळ्यात पाणी आणि वापराच्या महिन्यात रात्रीचा वारा पाहा.

३. जागेवर चुन्याची फक्की मारून ओटा प्रत्यक्ष आकारात आखा. खुर्च्या मांडा, हातात ताट घेऊन चालून पाहा. ग्रिलसमोर किमान ४ फूट मोकळं हवं, मुलांची धावपळ तिथून होऊ नये. ग्रिलच्या एका बाजूला २ फूट तरी ओटा हवा, नाहीतर ताट ठेवायलाच जागा उरत नाही.

४. परवानगी घ्या, जमिनीखालच्या लाइन्स शोधा.

५. खोदाई, मुरूम, सोलिंग आणि त्यासोबत पाणी, वीज, ड्रेनेजचे पाइप.

६. स्लॅब ओता. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला १० दिवस पाणी मारा. ‘वीकेंडला पाहुणे येणार आहेत’ म्हणून यात घाई नको.

७. मगच भिंती, ग्रॅनाइट आणि शेवटी ग्रिल. सांगाड्यात प्लायवूड किंवा लाकूड वापरू नका. कोळशाच्या आगीला थेट काँक्रीट लागू देऊ नका, ते तडकून कपचे उडतात. तिथे फायर ब्रिक लावतात. नदीतले गोटेही नकोत, आतल्या ओलाव्याने तेही फुटतात.

राखेसाठी झाकणाचा लोखंडी डबा जवळ ठेवायला विसरू नका. विझल्यासारखा दिसणारा कोळसा दुसऱ्या दिवशीही आतून गरम असू शकतो, आणि तो प्लास्टिकच्या कचरापेटीत गेला तर रात्री कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे सगळं वाचून खर्च वाढल्यासारखा वाटेल. पण यातली अर्धी कामं फुकटची आहेत. उदबत्ती, चुन्याची फक्की, एक खड्डा आणि एक पावसाळा. या थंडीत एवढं करून ठेवा. तोपर्यंत पार्टी थांबवायची गरज नाही. ठरवलेल्या जागी एक साधी सुटी शेगडी ठेवा आणि दोन-चार वेळा वापरून पाहा. जागा चुकीची निघाली तर शेगडी उचलून दुसरीकडे नेता येते.