चिंबोरीचे कालवण : एका रश्श्याची कुळकथा

चिंबोरीचे तिखट, लालभडक कालवण हे पोर्तुगिजांचे देणे आहे, असा समज आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सणाच्या पंगतीत कोणी वडीलधारे तो मोठ्या अभिमानाने सांगतात आणि बाकीचे माना डोलावतात. बाटली मसाला, पाव आणि सिर्का यांच्याबरोबर चिंबोरीही गलबतातून उतरली असावी, अशी काहीशी ही कल्पना आहे. तिच्यात सत्याचा अंश आहे, परंतु तो नेमका कोठे आहे हे पाहू गेल्यास निराळीच कथा हाती लागते.

प्रथम चिंबोरीचे. ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीचे मुख यांच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी बिळे करून राहणारा हा जीव येथल्या माणसांच्या आहारात कोणत्याही राजवटीच्या आधीपासून आहे. आपण तिला चिंबोरी म्हणतो, मालवण-गोव्याकडे ती कुर्ली होते आणि घाटावर नुसता खेकडा. पहिल्या पावसात भातखाचरांतून निघणारे मुठे हे पुन्हा वेगळे. ज्या प्राण्याला गावागणिक निराळे आणि अस्सल देशी नाव आहे, त्याचे कालवण करायला शिकविण्यासाठी लिस्बनहून कोणी येण्याची गरज नव्हती.

ख्रिस्ती माणसेही येथे पोर्तुगिजांच्या आधीपासून आहेत. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लूस्टस याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमला गेलेला एक बिशप असल्याची नोंद केली आहे आणि ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात हुतात्मा झाले, तेव्हा ते नेस्तोरियन परंपरेतील एका ख्रिस्ती घरी उतरले होते. फादर जोर्दानुस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले, ही हकीकत आपल्या वाचकांना परिचित आहेच. त्या घरातील चुलीवर काय शिजत होते, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु एक गोष्ट खात्रीने सांगता येते. तेथे काहीही शिजत असले, तरी त्यात मिरची नव्हती.

कारण मिरची तेव्हा भारतातच नव्हती. ती अमेरिका खंडातली वनस्पती. कोलंबसाच्या सफरीनंतर ती युरोपियनांच्या हाती लागली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आली. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि तिच्यासोबत ठाणे, साष्टी, मुंबई हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, तो याच शतकात. त्यापूर्वी तिखटपणासाठी आपल्याकडे मिरी, पिंपळी, सुंठ आणि आले असे. गंमत अशी की बटाटा, काजू, अननस, पाव या पाहुण्यांनी आपली पोर्तुगीज नावे सोबत आणली, मिरचीला मात्र आपण मिरीवरून घरचेच नाव दिले. ती इतकी आपली झाली की सावता माळी यांच्या नावावर असलेल्या एका सुप्रसिद्ध अभंगातही ती आढळते. सावतोबांचे निधन १२९५ सालचे! मुखोद्गत परंपरेत मागाहूनचे शब्द कसे बेमालूम शिरतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. आपल्या आज्यांनी कालवणाबाबत जे केले, तेच भाविकांनी अभंगाबाबत केले असावे.

तेव्हा पोर्तुगिजांचे देणे मिरचीचे आहे, चिंबोरीचे नव्हे. पोर्तुगालमध्ये खेकडा कसा खातात ते पाहिले म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. तिकडचा भरलेला खेकडा उकडून, त्याचे मांस मोहरी, लोणच्याचे तुकडे इत्यादींत कालवून, पुन्हा त्याच कवचात भरून थंडच वाढतात. गोव्याच्या मेजावर भट्टीत भाजलेली, पावाचा चुरा घातलेली भरली कुर्ली येते, तिच्यात या परंपरेची छाया दिसते. ‘रेशाद’ मसाल्याच्या नावाचा मूळ पोर्तुगीज अर्थही ‘भरलेले’ असाच. आपल्याकडे आगरी-कोळी घरांत भरलेली चिंबोरी होते, ती मात्र कच्च्या चिंबोरीत बेसन आणि मसाला भरून, दोऱ्याने बांधून, रश्श्यातच शिजवली जाते. नाव सारखे असले तरी रीत सर्वस्वी वेगळी.

ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांतील कालवणाचा आत्मा म्हणजे बाटली मसाला. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री असे वीस-पंचवीस, काही घरांत तीसहूनही अधिक जिन्नस वाळवायचे, एकेक निरनिराळा भाजायचा आणि उखळात कुटायचा. कुटणाऱ्या बायका घरोघर फिरत. प्रत्येक घरचे प्रमाण निराळे आणि ते सुनेला सांगावे की लेकीला, यावरून झालेले रुसवे सर्वांनीच पाहिले आहेत. उजेडाने रंग उडू नये म्हणून मसाला बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरला जाई, त्यावरून त्याला हे नाव पडले. चिंबोरीसाठी त्यात भाजलेला कांदा-खोबऱ्याचे वाटण मिळते, चिंच जेमतेम. जाणत्या बायका बारीक पाय टाकून देत नाहीत, ते पाट्यावर ठेचून त्यांचा रस गाळून रश्श्यात घालतात. रश्श्याला दाटपणा आणि खाडीचा वास येतो तो त्याने. शेजारच्या कोळणीच्या कालवणातही हीच युक्ती असते. मसाला धर्माप्रमाणे बदलला, हात तोच राहिला.

१७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांकडे गेली. पोर्तुगीज सत्ता सरली, पण येथल्या कॅथलिकांच्या चुली विझल्या नाहीत. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर आपण १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, घेतले. कालवण या नावाहून पुष्कळ वडील आहे.

ठाण्यातच चिंबोरीला न शिवणारेही शेजारी आहेत. येथल्या बेने इस्रायली मंडळींचे ‘शाअर हाशामाईम’ हे सभास्थान १८७९ पासून उभे आहे. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे पंख आणि खवले नसलेला जलचर त्यांना वर्ज्य. ही मंडळी यहुदी आहेत, हे दावीद रहाबी याने त्यांच्या बायकांनी निवडलेल्या मासळीवरून ओळखले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. आपल्याला तीच चिंबोरी चालते, कारण प्रेषितांची कृत्ये, अध्याय दहा. याफोतील गच्चीवर पेत्राने पाहिलेली ती चादर! प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते, चिंबोरी नसते. नियम अक्षरशः पाळून बोटे चाटणाऱ्यांची संख्या प्रत्येक धर्मग्रामात भरपूर आहे. त्यांच्याविषयी न लिहिलेलेच बरे, कारण प्रस्तुत लेखकही त्यांतलाच.

कल्याण-डोंबिवलीची कथा वेगळी. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. येथल्या धर्मग्रामांतील बहुसंख्य कुटुंबे रेल्वे, कारखाने आणि परवडणारी खोली यांच्या ओढीने नंतरच्या काळात आली. त्यामुळे एकाच जिन्यावर चार प्रकारची चिंबोरी शिजते. गोवेकराची भाजलेल्या खोबऱ्याची, धण्यामिऱ्याची ‘शेकशेक’, मंगळूरकराची नारळ वाटून केलेली कुर्ली, आपले कालवण आणि कढीपत्ता-मिरी घातलेला केरळी घरचा सुका खेकडा. केरळातील कॅथलिकांची संख्या इतकी वाढली की १९८८ साली सिरो-मलबार परंपरेचे स्वतंत्र कल्याण धर्मप्रांत स्थापन झाले. मिरीच्या देशातून आलेल्या त्या भगिनींच्या हातची चव पाहताना वाटते, चौदाव्या शतकातील ठाण्याच्या तिखटाशी नाते जुळते ते कदाचित यांचेच. हा अर्थात तर्क आहे.

या सर्व भांड्यांत पडणारी चिंबोरी मात्र शेजारच्या खाडीची असेलच असे नाही. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, तिकडे वालधुनी आणि उल्हास नद्यांत रसायने उतरली आणि भरावाखाली तिवरे गेली. तिवरतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आळा घातला, २०१५ साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मसाल्याच्या वाट्याची वही जपून ठेवणाऱ्या आपल्या घरांनी या तारखांकडे फारसे लक्ष दिले नाही, हे कबूल केले पाहिजे. पाककृतीवर हक्क सांगताना आपण चिखलाला विसरलो. सिंधुदुर्गात आता कांदळवनांच्या कडेला कुंपण घालून चिंबोऱ्या वाढवल्या जातात, त्यांची पिल्ले तमिळनाडूतील केंद्रातून आणली गेली. ठाण्याच्या बाजारात सुतळीने नांग्या बांधलेली चिंबोरी उचलून, पोटाकडून दाबून, ती भरलेली की पोकळ हे गिऱ्हाईक आजही पाहते आणि अवस जवळ आहे का ते विचारते. ती कोणत्या पाण्यातली, हे विचारणारे एखादेच.