घरातली जपानी तलवार : तिचा इतिहास व तिचे मोल

दुसऱ्या महायुद्धात बेने इस्राएल समाजातील अनेक जण हिंदी सैन्यात होते. त्या पिढीतील फार थोडे आज हयात आहेत. त्यांचे सामान मात्र मुलानातवंडांच्या घरी आहे. पदके व जुने फोटो यांच्याबरोबर एखाद्या घरात जपानी तलवारही निघते. वाटणीच्या वेळी ती कोणालाच नको असते आणि पहिला व्यापारी देईल त्या पैशांत ती जाते. म्हणून अशा तलवारी जपानबाहेर कशा आल्या व त्यांचे मोल कशावरून ठरते, हे ठाऊक असलेले बरे.

जपानमध्ये १८७६ साली सामान्य माणसांना तलवार बाळगून फिरण्याची बंदी झाली. पुढे १९३४ साली जपानी लष्कराने आपल्या अधिकाऱ्यांसाठी जुन्या घाटाची तलवार पुन्हा सुरू केली. मागणी मोठी असल्याने बहुतेक पाती कारखान्यांत तयार झाली. परंतु काही अधिकाऱ्यांनी घराण्यातील जुनी पाती काढून त्यांना नवी लष्करी मूठ व म्यान बसविले. त्यामुळे वरून सारख्या दिसणाऱ्या दोन तलवारींपैकी एक युद्धकाळातील, तर दुसरी चारपाचशे वर्षांपूर्वीची असू शकते.

१९४५ साली जपान शरण आला. शरणागतीच्या वेळी तलवारी स्वीकारण्याची जुनी प्रथा नको, असे जनरल मॅकआर्थर यांचे मत होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवरील सेनापती जनरल स्लिम यांनी ते मानले नाही. जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांदेखत तलवारी द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. जनरल किमुरा यांची तलवार पुढे स्लिम यांच्या घरी राहिली. फील्ड मार्शल तेराउची यांनी ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगाव येथे माउंटबॅटन यांना आपल्या दोन तलवारी दिल्या. अशा कितीतरी तलवारी विजयाची खूण म्हणून सैनिकांबरोबर घरोघर गेल्या.

खुद्द जपानमध्येही तलवारी जप्त झाल्या. त्यांत ‘होन्जो मासामुने’ ही राष्ट्रीय ठेव मानलेली तलवार होती. तोकुगावा घराण्याने ती टोकियोतील पोलीस ठाण्यात जमा केली. १९४६ नंतर तिचा पत्ता नाही. उलट, कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाची कुनिमुने तलवार अमेरिकेत डॉ. वॉल्टर कॉम्प्टन यांच्या हाती आली. त्यांनी ती ओळखली व १९६३ साली एक पैसाही न घेता परत केली. ओळखणारा भेटला म्हणून ती वाचली.

ही ओळख मुख्यतः मुठीच्या आत दडलेली असते. बांबूची लहान खुंटी काढली की मूठ सुटते व आतला गंजलेला भाग दिसतो. कारागिराचे नाव असल्यास तेथेच कोरलेले असते, आणि गंजाच्या रंगावरून जाणकार पात्याचे वय ताडतो. तो गंज घासून काढला की पुरावाच गेला व किंमत कोसळली. नुसत्या नावावरही विसंबू नये. प्रसिद्ध कारागिरांची खोटी नावे पुष्कळ कोरली गेली आहेत. उलट आखूड केलेल्या उत्तम पात्यांवर कित्येकदा नावच नसते. परंपरागत पात्याला पाणी दिलेले असते आणि त्या पाण्याची रेघ धारेलगत दिसते. कारखान्यातील पुष्कळ पाती तेलात थंड केलेली आहेत. पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असेल, तर ती बहुधा १९३५ च्या नमुन्याची हवालदार-जमादारांची तलवार होय.

तेव्हा पाते घासू नये, जवळच्या शिकलगाराकडेही देऊ नये. हलके तेल लावून ठेवावे. मुठीच्या आतील भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून, विकत घेणार नाही अशा जाणकाराला आधी दाखवावेत. टोकियोत १९४८ साली स्थापन झालेली कलात्मक तलवारींच्या जतनाची संस्था तपासणी करून प्रमाणपत्र देते. मात्र जपानी कायद्याप्रमाणे परंपरागत रीतीने घडविलेल्या तलवारींचीच तेथे नोंदणी होते. कारखान्यातील तलवार पाठविल्यास ती परत मिळण्याची आशा नाही. शस्त्र बाळगण्याचे व परदेशी पाठविण्याचे आपल्या देशातील नियमही आधी विचारून घ्यावेत.

पाते कारखान्यातील निघाले, तरी आजोबांची पलटण, तलवार मिळाल्याचे ठिकाण व त्या वेळची चिठ्ठी यांमुळे तिचे मोल वाढते. ही माहिती सांगणारे वडीलधारे असतील, तर त्यांच्याकडून ती आजच लिहून घ्यावी व कागद तलवारीबरोबरच ठेवावा. मग ती विकायची की ठेवायची, हे भावंडांनी मिळून ठरवावे.