शाखाविस्तार

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पदवीनंतरचे सगळे आयुष्य बँकेच्या निरनिराळ्या शाखांत गेले. तेव्हा 'शाखा' या शब्दाशी माझा घरोबा जुना आहे. पण शाखेला पाने असतात, तिच्यावर मुंगळे असतात आणि ती डोक्यात पडू शकते, हे मला इस्लापूरला जाईपर्यंत कुणी सांगितले नव्हते.

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातले गाव. बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाखा चांगली आहे हो. फक्त भोवती झाडं फार आहेत." रामाला चौदा वर्षे काढावी लागली, आपल्याला तीनच काढायची आहेत, अशी बायकोची समजूत घालून मी आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलो.

तिथे गेल्यावर कळले की या गावाला बदलीचे दुःख सांगण्यात अर्थ नाही, कारण गावाचीच एकदा बदली झालेली आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूरचे नाव चक्क छापलेले आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल, आणि किनवट व राजुरा हे दोन अख्खे तालुके, हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला हजर व्हायचे. बोथ तिकडेच राहिले, इस्लापूर इकडे आले. म्हणजे कुटुंब एका गावी आणि नोकरदार दुसऱ्या गावी, अशी ही अगदी बँकेच्या पद्धतीची बदली. मी मनातल्या मनात गावाला नमस्कार केला आणि भाड्याचे घर शोधायला लागलो.

घर मिळाले. त्यावर पत्रे होते आणि पत्र्यांवर चिंच होती. झाड शेजारच्या परसात, पण त्याची एक भलीमोठी फांदी आमच्या स्वयंपाकघरावर बरोब्बर आडवी आलेली. फांदी वाळलेली होती. वारा सुटला की ती करकरायची आणि बायको माझ्याकडे बघायची. घरमालक म्हणाले, "अख्खं झाड काढायचं तर परवानगी लागते." हे मात्र खरे होते. १९६४ चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, जांभूळ यांच्या पंगतीला चिंचही बसलेली आहे. तेव्हा पावसाच्या आत निदान वाळकी फांदी तरी उतरवायची ठरली. हे २०१५ सालच्या मे महिन्यातले.

सकाळी सातला दोघे जण आले. एक आजोबा, पंचाहत्तरीच्या पुढचे, आणि त्यांचा विशीतला नातू. सामान असे: दोन कुऱ्हाडी, एक हातकरवत, एक कोयता आणि खांद्यावर दोराची दोन वेटोळी. मी त्याआधी कुठल्याशा मासिकात परदेशी वृक्षतोड्यांचे चित्र पाहिले होते. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कमरेला पट्ट्यांचे खोगीर, बुटांना काटे, हातात यंत्राची करवत. आमच्या नातवाच्या अंगावर बनियन होते आणि पायांत काहीच नव्हते.

मी शिकलेला माणूस असल्यामुळे सल्ला देणे भाग होते. म्हटले, "आजोबा, बँकेत अॅल्युमिनियमची शिडी आहे. आणू का?"

"टेकवता कुठं सायेब?"

"या फांदीला."

"अन् फांदी कापल्यावर शिडी कुठं जाईल?"

मी आत जाऊन चहा सांगितला. आपण बसलेलीच फांदी तोडणाऱ्या शेखचिल्लीला शाळेत मी पोट धरून हसलो होतो. फरक इतकाच, की त्याने बी.कॉम. केलेले नव्हते.

पुढचे दोन तास मी बँकेत उशीर होण्याची पर्वा न करता खाटेवर बसून होतो. आजोबांनी कुऱ्हाडीला हातही लावला नाही. त्यांनी आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. बुंध्यावर कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून कान लावला. पोकळ झाड भदभद वाजते, भरीव टणटणते. वाळलेल्या फांदीवर पाय द्यायचा नाही, तिला धरायचे नाही, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. मोहोळ आहे का, मुंग्यांचे घर आहे का, हे खालून बघून घ्यायचे. वर गेल्यावर चावली तर हात सुटतो. मग नातू चढला. त्याने पहिला दोर स्वतःच्या कमरेला आणि वरच्या जित्या फांदीला बांधला. दुसरा दोर वरच्या एका बेचक्यातून ओवून कापायच्या फांदीला बांधला, आणि त्याचे खालचे टोक आजोबांनी बुंध्याला तीन वेढे देऊन हातात धरले. त्या तीन वेढ्यांची करामत अशी, की अडीच-तीन मणांची फांदी एक म्हातारा एका हाताने तोलून धरतो. भार सगळा झाड घेते. आपल्याच फांदीचे ओझे झाडाने स्वतः वाहायचे! मला एकदम माझ्या पगारातून कापल्या जाणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीची आठवण झाली.

कापण्याचीही रीत आहे. वरून करवत घातली की फांदी अर्ध्यात मोडते, सालीची लांब पट्टी बुंध्यापर्यंत सोलत जाते आणि कधी कापणाऱ्यालाच झोडपते. म्हणून आधी खालून खाच, मग थोडे पुढे सरकून वरून काप. अख्खे झाड पाडायचे असेल तर ज्या बाजूला पाडायचे तिकडे तोंड पाडायचे, मागून जरा वरच्या अंगाला काप घ्यायचा, आणि मधे चार बोटे लाकूड शिल्लक ठेवायचे. ते शिल्लक लाकूड म्हणजे दाराची बिजागरी. झाड तिच्यावर वळत पडते. बिजागरी तोडली की झाड कुणाचे ऐकत नाही. आणि झाड हलले की तोंडाकडे नाही, थेट मागेही नाही, तिरके मागे पळायचे. ती वाट कापायला लागण्याआधी साफ करून ठेवायची. हे आजोबांनी मला सांगितले तेव्हा वर नातू करवत ओढत होता, खाली भुसा पडत होता आणि त्यांची नजर एकदाही त्याच्यावरून ढळली नव्हती.

"तुम्ही कुठं शिकलात?" मी विचारले.

"महा बाप शिंदीवर चढायचा."

इथे मला थोडा इतिहास सांगितला पाहिजे. हैदराबाद संस्थानात निजामाच्या तिजोरीला अबकारीचा मोठा आधार होता, आणि अबकारीला शिंदीच्या झाडांचा. संस्थानाचे नाणे हाली, पोलीस निजामाचे, आणि रस मात्र झाडाचा. शिंदीवर चढणे हे चिंचेवर चढण्यासारखे नाही. तिला फांदीच नाही. माणूस कमरेभोवती आणि खोडाभोवती मिळून एकच दोर घेतो, मागे रेलतो, दोर वर सरकवतो, मग पाय वर घेतो. टोकाला झावळ्यांच्या बुडाशी सुयांसारखे काटे. एका बाजूच्या झावळ्या काढून तिथला कोवळा भाग कोयत्याने तासायचा आणि खाली गाडगे टांगायचे. उजाडायच्या आत उतरवली तर गोड नीरा. ऊन वर चढले की तिचीच शिंदी होते. पुढल्या वर्षी खाच दुसऱ्या बाजूला. म्हणून जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते आणि खाचा मोजल्या की तिने किती वर्षे रस दिला ते कळते. पासबुकच म्हणाना, फक्त सगळ्या नोंदी नावेच्या, जमेची एकही नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, संस्थान झाले नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला. लेव्ही द्यायची नाही, करोडगिरीचे नाके उठवायचे, आणि शिंदीची झाडे तोडायची. निजामाचे उत्पन्न मुळापासून तोडायचे, शब्दशः. जंगलावरून सरकारशी भांडण्याची आमच्याकडे रीतच आहे. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले की पुसद. तिथे १० जुलै १९३० ला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. आणि १९४० साली, किनवट ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यात, जोडेघाटच्या डोंगरात जंगल-जमिनीसाठी लढणारा गोंडांचा पुढारी कोमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. पुसदला गवत होते. गवत पुन्हा उगवते. सागसुद्धा तोडला तरी खुंटाला धुमारे फुटतात. शिंदी एकदा आडवी झाली की संपली. तिला एकच शेंडा असतो.

हे वाक्य माझे नाही, आजोबांचे आहे. तेव्हा ते दहा वर्षांचे होते.

"रातच्याला पोरं आली. नदीपल्याडच्या कॅम्पातली असतील." पल्याड उमरखेडला मुक्तिसंग्रामाचा कॅम्प होता, तेव्हा असतीलही. "चांगली शिकलेली पोरं. पर कुऱ्हाड कशी धरावी ठाव नाही. शिंदी म्हंजी काय लाकूड हाय का? निस्ते धागे. कुऱ्हाड मारली की उसळती, नाहीतर रुतून बसती. अन् भार सगळा शेंड्याला. एक पोरगं नेमकं झुकत्या बाजूला उभं. बापानं त्याला बखोट धरून वढलं. म्हणला, मरशील रे लेकरा, सरक."

"मग?"

"मग काय. कुऱ्हाड त्यायच्या हातातून घेतली, अन् आपणच पाडली."

"आपलीच शिंदी?"

"सहा व्हत्या नाल्यावर. सहाच्या सहा."

वर करवत थांबली. नातवाने आवाज दिला. आजोबांनी दोर सैल सोडला, आणि ती भलीमोठी फांदी आमच्या पत्र्याला नखही न लावता शहाण्या मुलासारखी अंगणात उतरली. बायकोने तुळशीपाशी उभे राहून सुस्कारा सोडला.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. आठ महिन्यांच्या आत, असेच म्हणावे लागेल, कारण त्या ३० जानेवारीला आमच्याच जिल्ह्यात उमरीची बँक मुक्तिसैनिकांनी लुटली होती आणि लढ्यासाठी नेलेल्या त्या पैशाचा पुढे हिशेब दिला, असे आम्हा बँकवाल्यांत अजून सांगतात. बँक लुटून हिशेब देणारी माणसे होती, यावर आमच्या नव्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसत नाही. १९७२ साली केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केले. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तसाच काही पुरावा हवा. मी अनेक वर्षे पेन्शनच्या खिडकीवर बसलेला माणूस आहे. पुराव्याशिवाय पैसे द्यावेत असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्या दिवशी खाटेवर बसून मी बराच विचार केला, आणि स्वतःची सहा झाडे रात्री कंदिलाच्या उजेडात पाडल्याचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो, ते मला सुचले नाही.

"बापानं मग काय केलं?"

"चिंचा पाडल्या, मोहोळं काढली, लोकायची झाडं उतरवली. चढता येत व्हतं नं."

त्याच महिन्यात सरकारने अपघात विम्याची नवी योजना काढली होती. वर्षाला बारा रुपये, आणि अपघातात माणूस गेला तर दोन लाख. शाखेला फॉर्मांचा कोटा ठरवून दिला होता आणि आम्ही दिसेल त्याला धरत होतो. मी पाहिले, एवढा जोखमीचा धंदा, याच्याहून योग्य गिऱ्हाईक कुठे मिळणार! मी आजोबांना योजना समजावली. सत्तर वर्षांच्या पुढे चालत नाही म्हटल्यावर ते हसले. मग नातवाचे विचारले.

"म्हंजी पडल्यावर पैसे?"

"हो."

"अन् पडू नये म्हनून काय देता?"

तशी योजना आमच्याकडे नव्हती. तरीही दुसऱ्या दिवशी दोघे बँकेत आले. नातू नवे शर्ट घालून आला होता आणि आमच्या गुळगुळीत फरशीवर जपून पाय टाकत होता. खाते उघडले. वारस म्हणून त्याने आजोबांचे नाव सांगितले. एकवीस वर्षांच्या मुलाचा वारस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. मी काही बोललो नाही, लिहिले. मग आला 'व्यवसाय' हा रकाना.

मी लिहिता लिहिता मोठ्याने म्हणालो, "झाडतोड."

"तोड नगा लिहू सायेब," आजोबा काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले. "तोडायला कुनी बी तोडतंय. चढ लिहा."

संगणकाच्या यादीत शेती होती, नोकरी होती, व्यापार होता, गृहिणी होती. मी 'इतर' वर खूण केली आणि बारा रुपये नावे टाकले.