जत्रेतल्या हॉटेलात, 1936

खिशातलं सगळं घरी ठेवा. तुमचं दहाचं नाणं इथे कोणी घेणार नाही. मुठीत आता आणे-पैसे आहेत आणि त्यांच्यावर पंचम जॉर्जचं तोंड आहे. हा राजा जानेवारीतच वारला. त्याच्या जागी आलेल्या आठव्या एडवर्डने याच डिसेंबरात गादी सोडली. सावंतवाडी संस्थानातल्या रयतेला त्याचं सोयरसुतक नाही. त्यांचा राजा बापूसाहेब महाराज. लोक त्यांना 'रामराजा' म्हणतात. पुढच्या जुलैत तेही जाणार आहेत, पण ते इथे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. बोलू नका.

मोती तलावाचा काठ मागे टाकून तुम्ही चालू लागता. बाजार कधीच आवरलाय. आता भूक लागली तर ओळखीच्या घराचं दार ठोठावायचं, नाहीतर जत्रा गाठायची. कार्तिकात सुरू झालेल्या जत्रा उन्हाळ्यापर्यंत गावोगाव फिरतात. त्यांच्या मागून दशावताराची मंडळं, पेटारा डोक्यावर घेऊन, पायी. आजचं गाव कुठलं ते विचारू नका. तुमच्या आजोळाचं धरा.

आधी वास येतो, तळणाचा. मग गॅसबत्तीचा उजेड दिसतो आणि पखवाज ऐकू येतो. देवळाच्या अंगणाबाहेर चुडतांचं छप्पर टाकलंय. एक चूल, एक कढई, दोन बाकं. हे हॉटेल. कोकणात चहा मिळाला की ते हॉटेलच.

"येवा, बसा. भजी आताच काडलंय. आंबोळी हाडू काय?"

हो म्हणा. पानावर आंबोळी येते, कडेला जाळीदार, मध्ये मऊ. शेजारी काळ्या वाटाण्याचं सांबारं. भाजलेलं खोबरं वाटून घातलेलं, त्यामुळे रंग काळपट. पहिल्या घासाला काही वाटत नाही, दुसऱ्याला कान तापतात. ही मिरची पोर्तुगिजांनी आणली. त्यांचा गोवा इथून बांद्यापलीकडे लागतोच, आणि अजून पंचवीस वर्षं त्यांचाच राहणार आहे. मसाल्यातली लवंग आणि जायफळ त्याहून लांबची. त्यांचं मूळ मलायापलीकडच्या मलुकू बेटांत. आणि त्या मलायात, पिनांगच्या गोदीवर, तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावरच्या कावडीतून भात नि कालवण घेऊन मजुरांना वाढत हिंडतायत. तिथे मलायी भात आणि मद्रासी कालवण एका पानात. इथे पोर्तुगिजांची मिरची आणि पाट्यावर वाटलेलं खोबरं. समुद्राने दोन्हीकडे सारखाच उद्योग केलाय.

चहा गुळाचा. फुंकून प्या.

बाकावर कोणीतरी टेकतं. नखशिखान्त काळा वेष, छातीपर्यंत लोंबणारी लाल जीभ वर गुंडाळून कपाळाशी खोवलेली. संकासुर. वेद पळवून, गावातल्या अर्ध्या माणसांची मालवणीत टर उडवून, विष्णूच्या हातून मरून तो नुकताच मोकळा झालाय. आता त्याला चहा हवाय. पलीकडे झाडाआड सीता पदर खोचून विडी ओढतेय. तिला चांगल्या मिशा आल्या असत्या, पण धंद्यापायी रोज काढाव्या लागतात. आतमध्ये आख्यान सुरू झालंय. लिहिलेली संहिता नाही. कथा सगळ्यांना ठाऊक, संवाद ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचे. त्यामुळे राजा रंगात आला तर दरबार तासभर लांबतो, आणि आपल्याला काम नाही असं पाहून निम्मा नटसंच हॉटेलात. इतकं मोकळं नाटक मला दुसरीकडे दिसलं नाही.

"तुमी खंयचे?" संकासुर विचारतो. मुंबई म्हणा. इथल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गिरणीत आहे, पुढचा प्रश्न 'गिरणी खंयची' एवढाच येईल.

आता जरा मागे वळून बघा. छपराबाहेर, उजेड संपतो तिथे काही माणसं उभी आहेत. त्यांनीही पैसे दिलेत. चहा त्यांना वेगळ्या भांड्यात, वरून ओतून. बाकावर जागा आहे तरी त्यांना कोणी बसा म्हणत नाही. गेल्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, ते अशा भांड्यांमुळेच. जुन्या जत्रांच्या आठवणी सांगणारे भज्यांबद्दल भरभरून बोलतात, या भांड्यांबद्दल बोलत नाहीत. त्या आठवणी तेवढ्याच अपुऱ्या समजाव्यात.

पहाटे गारठा वाढतो. लहान मुलं आयांच्या मांडीवर कधीच झोपलीत, म्हातारे मात्र टक्क जागे. राक्षस मरतो, दहिकाल्याची हंडी फुटते आणि गर्दी एकदम खाज्याच्या दुकानांकडे वळते. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, आलं घातलेल्या गुळात घोळलेल्या. बाहेरून पांढरट, आत खुसखुशीत. पुडी बांधून घ्या. हॉटेलवाला चूल विझवत नाही. नाटकवाल्यांना निघण्याआधी पुन्हा एकदा चहा लागतो.

आता परत या. 1936 नको असेल तर यंदाचं साल धरा. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरते. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात, तिथून सोनुर्ली जवळच. घरून जेवून येऊ नका, आणि खाजं घेतल्याशिवाय परतू नका.