चार मिलिमीटर जागा : कार्ड-सीडीचा अल्प इतिहास

लेखनसाधनांचा इतिहास सांगताना आपण ताडपत्र, भूर्जपत्र, ताम्रपट, हातकागद अशी क्रमवारी लावतो आणि मुद्रणयंत्रापाशी येऊन थांबतो. त्यापुढची साधने ‘तांत्रिक’ ठरवून संगणक विभागाकडे सोपवली जातात. परिणामी काही साधने जन्मली, वापरात आली आणि नाहीशीही झाली, तरी वाङ्मयाच्या अभ्यासात त्यांची साधी नोंद झाली नाही. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराची कोरी सीडी हे त्यांतलेच एक.

तिच्याकडे मला वळावे लागले ते एका निवृत्त सहकारी बाईंमुळे. २००४ साली त्यांनी आईच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या, स्वतः त्या टंकित केल्या, आणि दोन्ही गोष्टी अशा दहा-बारा कार्डांवर उतरवून नातलगांना व आम्हा विभागातल्यांना वाटल्या. पुढे आई गेल्या, संगणक भंगारात गेला. गेल्या वर्षी बाईंचा फोन आला, “सर, तुमच्याकडचं ते कार्ड अजून चालतं का हो?”

फिलिप्स आणि सोनी यांची सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा ती १२ सेंटिमीटर व्यासाची होती. एकेका गाण्यासाठी ८ सेंटिमीटरची धाकटी तबकडी निघाली, ती याच दशकाच्या अखेरीस. जपानात ती विशेष चालली. ड्राइव्हच्या सरकत्या ट्रेमध्ये मधोमध जो दुसरा, लहान खळगा दिसतो तो या धाकटीसाठी. कार्ड-सीडी म्हणजे हीच धाकटी, दोन बाजूंनी छाटलेली. काही कार्डे पूर्ण आयताकृती असत. त्यांच्या पाठीवर चार बारीक उंचवटे ठेवलेले असत, ते त्या खळग्यात बसावेत म्हणून.

छाटूनही ती वाचता येते याचे कारण सीडीच्या लिपीत आहे. ग्रामोफोनची सुई कडेकडून मध्याकडे जाते. सीडीचा लेसर मध्यापासून बाहेर जातो. त्यामुळे मधले वर्तुळ अखंड असले की पुरे. सीडीवरील मजकूर केंद्रापासून २५ मिलिमीटरवर सुरू होतो आणि साधारण ६० मिलिमीटर रुंदीच्या कार्डावर २९ मिलिमीटरच्या आसपास संपवावा लागतो. म्हणजे लेखनासाठी उरते ते जेमतेम चार मिलिमीटरचे कडे! बाकीचा भाग नाव, पत्ता, बोधचिन्ह छापण्यापुरता. पण या कड्यात १.६ मायक्रॉन अंतराने वेटोळी घेत जाणारी सुमारे ४०० मीटर लांबीची रेघ मावते, आणि तिच्यात सुमारे ५० एमबी मजकूर.

५० एमबी म्हणजे किती? ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या आणि तुकोबांची गाथा युनिकोडमध्ये टंकित केली तरी बहुतेक कार्ड रिकामेच राहील. उलट सीडीच्या मूळ दर्जाचा आवाज भरायचा तर पाच मिनिटेसुद्धा पुरी मावत नाहीत. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, त्या काळच्या तबकडीची मर्यादा एका बाजूला तीनेक मिनिटांची होती, आणि त्या मर्यादेने ख्याल आखडून घ्यायला लावला. शतक उलटल्यावर आपण पुन्हा जवळपास तिथेच आलो, हे मला गमतीचे वाटते. बाईंनी अर्थातच एमपी-३चा मार्ग घेतला. त्यात पाऊण तास सहज बसतो.

मर्यादा नेहमी आखडतेच असे नाही. लिनक्सप्रेमींनी १९९९च्या सुमारास अशा कार्डावर संगणक सुरू करू शकणारी संपूर्ण प्रणाली बसवली. पुढे ‘डॅम स्मॉल लिनक्स’ने तर ५० एमबी ही स्वतःची शपथच करून टाकली. सुनीताला चौदा ओळी, तसा हा प्रकार. २०२४ साली ती प्रणाली पुन्हा अवतरली तेव्हा तिची मर्यादा पूर्ण सीडीइतकी, ७०० एमबी झाली होती.

कार्डावर लिहिण्याची रीत मात्र ताम्रपटाची. कोऱ्या सीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेसरने तो तापतो, आणि जिथे तापला तिथे कायमची खूण उमटते. खोडणे नाही. मोठ्या सीडीवर ‘उरलेले नंतर भरू’ म्हणता येई. इथे दुसरी खेप उघडली की तिच्या आरंभ-अखेरच्या नोंदींतच २०-२२ एमबी खर्ची पडत. तेव्हा संहिता पक्की करायची आणि एकदाच, मंद गतीने लिहायची, कारण वर्तुळ नसलेली वस्तू वेगात फिरवली की थरथरते. फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये तर ती कधीच घालायची नाही, अडकून बसते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने कोरी कार्डे देताना बाईंना आधी हेच विचारले होते, “ट्रेवाला ड्राइव्ह आहे ना?”

आज कोरी कार्डे मिळवणे म्हणजे कुणाच्या तरी कपाटातला जुना साठा शोधणे. पेन ड्राइव्ह २०००च्या अखेरीस आला, तेव्हाच या वस्तूचे आयुष्य ठरून गेले. कोऱ्या सीडीच्या आद्य निर्मात्यांपैकी असलेल्या ताइयो युदेनने २०१५ साली हा व्यवसायच सोडला. जुना साठा सापडला तरी तो रंगाचा थर न लिहिताही म्हातारा होतो, विशेषतः उजेडात.

आम्ही तीन कार्डे गोळा केली. एकावर कुणीतरी कागदी लेबल चिकटवले होते. ते सोलताना वरचा चकाकता थरही निघून आला. दुसरे खिडकीपाशी वर्षानुवर्षे पडलेले. ड्राइव्ह खूप वेळ गरगरला आणि थांबला. तिसरे, माझे, पुस्तकात खूण म्हणून राहिल्यामुळे अंधारात होते. ते उघडले.

आवाज स्वच्छ आहे. मध्येच कुणी चहा विचारते, तेही आहे. टंकित संहिता मात्र युनिकोडपूर्व फाँटात, म्हणून पडद्यावर नुसती रोमन चिन्हे आणि अर्धवर्तुळे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्या संग्रहात या ओव्यांची रूपांतरे सापडतात का, हे ताडण्यासाठी आधी अक्षरे हवीत. फाँटाचे नाव बाईंना आठवत नाही. ऐकून पुन्हा लिहून काढायला आम्ही बसलो आहोत. काही शब्द बाईंनाच लागत नाहीत, आणि ते त्यांनी २००४ साली आईला विचारून टंकले होते.